समेवरची दाद

२०२३ साल. शहराच्या पाट्यांवरचं जुनं नाव पुसून नवं रंगवण्याचं काम जागोजागी चाललं होतं, आणि मोंढा नाक्याजवळ आपल्या कार-ऑडिओच्या दुकानासमोर सुदर्शन दत्तोपंतांच्या गाडीच्या डिकीत कंबरेपर्यंत शिरला होता. महिन्याभरातली ही तिसरी खेप. आधी पुढच्या दारांतले स्पीकर बदलले. तरी दत्तोपंतांचं म्हणणं, आवाज गढूळ आहे. मग दारांच्या आत काळे जाड पत्रे चिकटवून दारांचा खडखडाट घालवला, तर ते म्हणाले, आता तर काहीच उरलं नाही, होतं तेच बरं होतं.

"काका, खडखड गेली म्हणून तर गाणं सुधरलं," सुदर्शन डिकीतून डोकं बाहेर काढून बोलला. "लोकं मुद्दाम घालवून घेत्यात. तुमचंच लई उलटं."

"तू गाण्यातलं मला शिकवू नकोस."

"नाय शिकवत. पर आता हा अ‍ॅम्प्लिफायर बसला ना, की माझे पण हात टेकले. ह्याच्यावर फकस्त बँडवालेच आणावे लागतील."

दत्तोपंतांच्या पत्नी उमाबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून हसल्या. सुदर्शन मूळचा कन्नड तालुक्याकडचा, तोंडाने फटकळ, पण काम सोडून पळणारा नव्हता. आणि दत्तोपंतांचा कान काय आहे, हे त्याला कुठून माहीत असणार? पाणीपुरवठ्याच्या पंपांवर सगळी नोकरी झालेली, तरी घरात शिरताच तंबोऱ्याची एक तार उतरली असेल तर बूट काढता काढता सांगणारा माणूस. उमाबाईंनी आकाशवाणीवर गायचं सोडलं, शिकवण्या सोडल्या, पण सकाळचं गाणं सोडलं नाही, ते या एका श्रोत्यासाठी. रोज सकाळी ते वेताची खुर्ची समोर ओढून बसत, आणि त्या समेवर आल्या की बरोबर समेवरच त्यांचा 'वा' येई. अर्धी मात्रा इकडेतिकडे नाही.

त्याच 'वा'च्या भरवशावर त्यांनी त्या वर्षी सिडकोतल्या दिवाळी पहाटेला गायचं कबूल केलं होतं. पंधरा वर्षांनी लोकांसमोर. चारुता, त्यांची लेक, गणपतीत पुण्याहून आली होती, तेव्हा गाणं ऐकून म्हणाली होती, "आई, वरच्या सा ला आता नको ना जाऊस." उमाबाईंनी दत्तोपंतांकडे पाहिलं होतं. ते म्हणाले होते, "तुझा सा अजून तस्सा लागतो." तिथे तो विषय मिटला. चारुताशी मात्र तेव्हापासून नीट बोलणं नव्हतं.

"झालं," सुदर्शन म्हणाला. "काकू, लावा तुमचं गाणं. काका, तुम्ही आत बसा. काचा वर घ्या."

उमाबाईंच्या फोनमध्ये त्यांचंच जुनं ध्वनिमुद्रण होतं, आकाशवाणीच्या दिवसांतलं. फोन गाडीला जोडलेला होता. त्यांनी गाणं लावलं. दत्तोपंतांनी स्टिअरिंगवर बोटं ठेवली आणि डोळे मिटून घेतले. डिकी उघडी होती. तिथून उमाबाईंना आपलाच चाळिशीतला आवाज ऐकू आला, इतका स्वच्छ, की सुदर्शनसुद्धा पुसायचं फडकं हातात धरून उभा राहिला.

तेवढ्यात फोन आला. चारुताचा. उमाबाईंनी घाईने उचलून कानाला लावला, पण कानाशी काहीच नाही. आवाज आला तो गाडीतून, चारही स्पीकरांतून, खणखणीत.

"आई, ऐक ना. रागावू नकोस. त्या दिवाळी पहाटेला नाही म्हणून कळव. तुझा वरचा सा लागत नाहीये गं. लोक तोंडावर छान म्हणतील आणि मागे हसतील. बाबांना विचार ना नीट, ते खरं सांगतील तुला."

गाडीच्या आत दत्तोपंतांची बोटं स्टिअरिंगवर ठेका धरून होती. डोळे मिटलेलेच. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले,

"वा!"

उमाबाईंच्या हातातला फोन तसाच राहिला.

"आई? कोण बोललं? बाबा ऐकतायत का?"

"काका!" सुदर्शन हसत ओरडला. "ओ काका, गाणं कवाच थांबलं, ताईचा फोन हाय!"

दत्तोपंतांची बोटं चालूच होती. सुदर्शनचं हसू ओठांवरच थिजलं. त्याने उमाबाईंकडे पाहिलं. त्यांनी फोन बंद केला. गाडीत आता कसलाच आवाज नव्हता, आणि त्या शांततेत दत्तोपंत मान डोलावत बसले होते.

थोड्या वेळाने दत्तोपंतांनी डोळे उघडले, काच खाली केली.

"जमलं बुवा. आता खरं गाणं लागलं. शाबास, सुदर्शन."

सुदर्शनने पुन्हा उमाबाईंकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"व्हय काका," तो हळूच म्हणाला.

परतताना जालना रोडवर मागचा ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता. दत्तोपंत शांत होते. दर दोन क्षणांनी आरशात बघत होते. आरशात इतकं बघणारा माणूस आपण सावध समजत आलो, असं उमाबाईंच्या मनात आलं आणि त्यांनी सीटची कड घट्ट धरली. मोबाईलचा कंटाळा म्हणून फोन नेहमी त्यांच्याच हातात देणं. टीव्हीवर फक्त खालून सरकणाऱ्या पट्टीवरच्या बातम्या. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या तरी न उठणं. आणि तो दाराचा खडखडाट, ज्यावर ते हात टेकवून बसायचे. एकेक गोष्ट उठून समोर येत होती.

सकाळी त्या सतरंजीवर बसल्या. दत्तोपंतांनी खुर्ची समोर ओढली, चहाचा कप घेतला. उमाबाईंनी तंबोरा मांडीवर घेतला नाही, नुसता मांडीवर हाताने ताल धरला आणि ओठ हलवायला सुरुवात केली. आवाज काढलाच नाही. ताल पुढे सरकला, फिरला, आणि हात मांडीवर समेचा पडला.

"वा," दत्तोपंत म्हणाले.

उमाबाईंचा हात तिथेच थांबला. इतकी वर्षं ते हाताकडे बघत होते.

"थांबलीस का?" त्यांनी विचारलं. मग कप खाली ठेवत म्हणाले, "आज गळा हललाच नाही तुझा."

"मग वा कशाला म्हणालात?"

त्यांनी उमाबाईंच्या ओठांकडे नीट पाहिलं.

"सम आली म्हणून."

"कधीपासून हे?"

"कोविडच्या आधीपासून. एकदम नाही गेलं. आधी तंबोरा गेला. मग शब्द. मग तू."

उमाबाईंना वाटलं, हे सगळं दुसऱ्या कोणाच्या घरात चाललंय.

"आणि माझा वरचा सा? तस्सा लागतो म्हणालात. त्यावर मी लोकांना शब्द दिलाय."

हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग दत्तोपंत खिडकीकडे बघत म्हणाले, "तिथं तुझ्या मानेची शीर तटतटते. डोळे मिटतेस. पूर्वी मिटत नव्हतीस. दोन वर्षं झाली."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

ते खिडकीकडेच बघत होते. त्यांना प्रश्न कळला नव्हता. उमाबाई उठल्या, त्यांची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला आणि पुन्हा विचारलं.

"होतं की. सांगितलं असतं तर तू गायचं थांबवलं असतंस. मग मी सकाळी बघायचं काय?"

उमाबाई तिथेच जमिनीवर बसल्या. दत्तोपंतांनी विचारलं, "काल तुझ्या फोनवर चारूचं नाव दिसलं. काय म्हणत होती?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "सहज केला होता."

दिवाळी पहाटेला उमाबाई गायल्या, पण पट्टी उतरवून, आणि वरच्या सा ला हात न लावता. टाळ्या बेताच्याच पडल्या. चारुता आदल्या रात्री पुण्याहून न सांगता आली आणि मागच्या रांगेत बसली. मायलेकींचं त्यावर कधी बोलणं झालं नाही, पण आता ती दर रविवारी फोन करते आणि फोन आईच उचलते. सुदर्शनने बीड बायपासला मोठं दुकान घेतलं. त्या दिवसाबद्दल त्याने कोणालाही सांगितलं नाही. गाडी लासूर स्टेशनच्या एका व्यापाऱ्याने घेतली, ती त्यातल्या गाण्यावर खूश होऊन.

दत्तोपंतांनी पुढच्या संक्रांतीला कानाला यंत्र बसवलं. पहिल्या सकाळी ते गाणं संपेपर्यंत खुर्चीत ताठ बसून होते, आणि एकदाही 'वा' म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. उमाबाई रोज खालच्या पट्टीत गळा घासत राहिल्या. उन्हाळा लागायच्या सुमारास, एका सकाळी, साध्याशा जागेवर, समेच्या कितीतरी आधी, दत्तोपंतांच्या तोंडून 'वा' निसटला.

उमाबाईंनी गाणं तिथंच थांबवलं आणि आत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिल्या.