अकरा क्रूस, अकरा चाफे

गिरीज गावात कुणालाही विचारा, रॉबर्टसारखी सायकल कोण चालवतो? कुणी नाही! अहो, सत्तराव्या वर्षी ताठ कण्यानं, एक हात हँडलवर आणि दुसऱ्या हातानं वाटेतल्या प्रत्येकाला सलाम ठोकत हा माणूस निघाला, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. त्याची बायको सेलिन तर एकेचाळीस वर्षं बघत होती. पण आज ती त्याची परीक्षा घ्यायला निघाली होती.

रॉबर्टच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर ऑपरेशन म्हणत होते आणि रॉबर्ट कानावर हात ठेवत होता. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या भावाचा, गॅब्रिएलचा, डोळा अशाच ऑपरेशनमध्ये गेला होता. ती भीती काही केल्या त्याच्या मनातून जाईना. शेवटी मुलगा, स्टीवन, वैतागला. "पप्पा, ऑपरेशन करा, नाहीतर सायकल भंगारात!"

"मला सगळं दिसतं," रॉबर्ट गरजला. "रविवारची फेरी मारून दाखवतो. एक चूक झाली तर ऑपरेशन. नाही झाली, तर पुन्हा डोळ्यांचं नाव काढायचं नाही."

म्हणून चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून दोघं निघाली. पुढे रॉबर्टची काळी सायकल, मागे नातीच्या, ब्रिटनीच्या, गुलाबी सायकलवर लाल ओढणी घेतलेली सेलिन. गुडघे कुरकुरत होते, पण चूक झाली तर सांगायचं, असं तिनं स्टीवनला वचन दिलं होतं.

रविवारच्या फेरीची रीत ठरलेली. घरापासून पाचूबंदरच्या किनाऱ्यापर्यंत वाटेत अकरा क्रूस. प्रत्येकापाशी उतरायचं, टोपी काढायची, क्रूसाची खूण करायची आणि वाडीतला एक सोनचाफा ठेवायचा. हँडलच्या टोपलीत मोजून अकरा चाफे.

आणि काय सांगू, काय चालवली त्यानं! केळीच्या वाड्यांमधून अंगावर गारवा येत होता. खड्डा आला की हा अलगद वळायचा. "फेबियन, विहिरीचा पंप बदललास वाटतं! आवाज वेगळा येतोय," असं वाडीतल्या गड्याला त्यानं जाता जाता ओरडून सांगितलं. एक क्रूस, दोन, पाच, आठ. कुठे चुकला नाही. पापडीच्या बाजारातल्या गर्दीत भाजीच्या टेम्पोला त्यानं अशी बगल दिली, की सेलिनच्या तोंडून "वा!" निघून गेलं. परीक्षकानं असं करायचं नसतं, पण करणार काय! वाटेतल्या किल्ल्याच्या तटाला वळसा घालताना तर तिला लग्नानंतरचे दिवस आठवले. तेव्हा ती त्याच्या कॅरिअरवर बसून हीच वाट जायची. दहावा क्रूसही झाला. जिंकला माझा नवरा, ती मनात म्हणाली, आणि लगेच तिचे पाय पॅडलवर मंदावले. हा जिंकला, तर डोळे जाणार.

पाचूबंदरला भरती होती. कोळणी बोंबील वाळत घालत होत्या. रॉबर्ट उतरला, चार पावलं चालला, टोपी काढली, डोळे बारीक करून समोर बघितलं आणि क्रूसाची खूण केली. मग शेवटचा चाफा ठेवला.

सेलिन जागच्या जागी थिजली. तो बांबू होता. उभ्या बांबूला आडवा बांधलेला बांबू, त्यावर ओले बोंबील लटकलेले. खरा क्रूस दहा पावलं पुढे होता.

"अगो बाई!" बोंबीलवाली ॲंजेला कमरेवर हात ठेवून हसली. "काका, माझ्या बोंबलांना फूल? कालच मेलेत, अजून वाळले पन नाहीत!"

सेलिननं तिला डोळ्यांनी दटावलं. रॉबर्टनं वाकून वास घेतला. आता स्टीवनला काय सांगायचं? खरं सांगितलं तर नवऱ्याची मान खाली जाईल, खोटं सांगितलं तर... आयुष्यात पहिल्यांदाच तिला खोटं बोलावंसं वाटलं. "जाऊ द्या हो," ती म्हणाली, "मी काही बघितलं नाही."

"पण मी बघितलं," रॉबर्ट म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "आधीचे दहा मी बघितलेच नव्हते, सेलिन. ते पायांना पाठ आहेत. इथे वाळूत पायांना वाट सापडेना, म्हणून हा एक डोळ्यांनी शोधला, आणि फसलो. वास आला तेव्हा कळलं. क्रूसाला बोंबलाचा वास येत नाही."

सेलिनला रडू फुटलं. भरल्या रस्त्यातून हा माणूस नुसत्या सवयीवर आणि कानांवर आला होता! कौतुक करावं की दोन धपाटे घालावेत, तिला कळेना.

"भीती वाटते गं," तो हळूच म्हणाला. "गॅब्रिएलसारखं झालं तर?"

"मी हात धरून बसेन. हलणार नाही."

तिनं त्याचा हात धरून त्याला खऱ्या क्रूसापाशी नेलं. टोपली रिकामी होती. ॲंजेला चाफा परत घेऊन आली, तर रॉबर्ट म्हणाला, "राहू दे. दिलेलं परत घेत नाहीत." मग क्रूसाकडे तोंड करून म्हणाला, "तू थांब थोडे दिवस. तुझं फूल तुला बघून देईन."

सेलिननं तिथूनच स्टीवनला फोन लावला. तारीख घे म्हणाली, एवढंच.

रॉबर्टनं सायकल वळवली, पण तो बसला नाही. एकेचाळीस वर्षांत कधी म्हणाला नव्हता ते म्हणाला, "तू पुढे हो. तुझी लाल ओढणी दिसते मला, तेवढी बास."