बुरुजावरचं घरटं

पाचवा महिना लागला तरी घरमालकिणीला काही सांगायचं नाही, असं आमच्या ह्यांनी ठरवून टाकलं होतं. हे, म्हणजे श्यामकांत, जर्मनीत आखनला डॉक्टरेट करत होते आणि आम्ही तिथून बसने अर्ध्या तासावरच्या एका गावात फ्राउ लेनार्ट्स यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. खोली देतानाच बाईंनी बजावलं होतं, मूल चालणार नाही. बासष्ट साली तिथे परदेशी माणसाला खोली मिळणं म्हणजे देव पावण्यासारखंच. त्यामुळे भर जूनच्या उन्हाळ्यात मी ह्यांचा ढगळ स्वेटर घालून जिना उतरायची आणि बाईंची चाहूल लागली की उलटपावली वर परतायची. हे आपले दिवसभर लॅबमध्ये. लपवायचं काम माझ्याकडे. काळजीने मी अर्धी झाले होते, आणि चिडचिड व्हायची ती वेगळीच.

त्याच महिन्यात गावाचा उत्सव आला. दारोदार निशाणं लागली. त्यांवर गावाचं मानचिन्ह होतं, निळ्यावर पांढरा बुरूज आणि बुरुजाच्या डोक्यावर घरटं. बाईंनी मला मुद्दाम स्वयंपाकघरात बोलावून, कॉफी देऊन त्याची गोष्ट सांगितली. फार पूर्वी शत्रू चालून आला तेव्हा सगळं गाव बुरुजात लपलं होतं. वर एक पक्षीण अंडी उबवत होती. कुणी म्हणालं, घरटं पाडा, तिथे पहारा बसवू. गावाने ऐकलं नाही. शत्रूने पाहिलं, पक्षीण निवांत बसली आहे, म्हणजे आत माणूस नसणार. तो तसाच पुढे निघून गेला.

"तिला राहू दिलं म्हणून आम्ही वाचलो," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

झालं, माझं मन पाघळलं. आपल्याकडे पोटुशी बाई दिसली की परकी बाईसुद्धा काय खावंसं वाटतं ते विचारते. मला वाटलं, हीच वेळ आहे. ह्यांना न विचारता, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी सांगून टाकलं, "फ्राउ लेनार्ट्स, मला मूल होणार आहे. आम्हाला राहू द्याल ना?"

बाईंनी माझ्यापुढचा कप उचलून सिंकमध्ये ठेवला.

"ते घरटं नाही," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "लोखंडी टोपलं आहे. शत्रू दिसला की त्यात जाळ करून गावाला सावध करायचे. गावाच्या जुन्या शिक्क्यावर स्पष्ट दिसतं. पक्षिणीची गोष्ट कुणीतरी शाळेतल्या मुलांसाठी रचली."

"पण आत्ताच तर तुम्ही..."

"ऑगस्टपर्यंत दुसरीकडे बघा."

नुसतं नाही म्हणाल्या असत्या तर मी निमूट ऐकलं असतं. पण मला घालवण्यासाठी जन्मभर उराशी धरलेली गोष्ट खोटी पाडायची? इतका संताप आला की रडूसुद्धा येईना.

जिन्यात हे भेटले. माझा चेहरा बघून घाबरले, काय झालं म्हणाले.

"अहो, दुसरी खोली शोधा," मी म्हटलं. "आणि दारातच सांगा, आम्ही तिघं आहोत म्हणून."