दमायचा मान

आई चैत्रात गेली. आषाढ लागला तेव्हा तिच्या खाचरात भात लावायचं की नाही, हा प्रश्न विनीतापुढे उभा राहिला. मुंबईचा धाकटा भाऊ ऋत्विक फोनवर म्हणाला, "ताई, एक वर्ष ब्रेक घेऊ. पडीक राहिलं तर काय बिघडतंय?"

काय बिघडतं ते तिला ठाऊक होतं. तुडील गावच्या बायका लावणी सावडीनं करतात; आज तुझ्या शेतावर, उद्या माझ्या. एखादं घर एका वर्षी सावडीतून गळलं, की पुढच्या वर्षी त्याला कोण हाक मारणार? आईचं घर तिला गळू द्यायचं नव्हतं. महाडच्या शाळेत रजा टाकून ती लावणीच्या आदल्या संध्याकाळीच गावी आली. पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, चहाची किटली भरली आणि सगळं जांभळीखाली झाकून ठेवलं.

बायका आल्या. पुढे साळूकाकी, आईची लावणीतली जोडीदारीण, आणि सगळ्यांत मागे तिची सून अंकिता. पदर खोचून साऱ्या चिखलात उतरल्या, विनीताही उतरली. रोपांच्या मुठी सुटू लागल्या.

पावसानं उघडीप दिली होती. बांधापलीकडे सावित्री गढूळ, भरून वाहत होती. काम झपाट्यानं चाललं होतं. फारच झपाट्यानं. विनीताची कंबर तुटायला आली, तरी कुणी वर मान करीना. 'यांची रोजची सवय,' ती मनात म्हणाली. 'मी शाळेतली बाई. आधी मीच कशी बसू? हसतील.' ओठ आवळून ती रोपं खोचत राहिली.

आईकडे थांबण्यासाठी किती शब्द होते! 'टेका' म्हणजे जागच्या जागी उभं राहून पाठ सरळ करायची. 'पान' म्हणजे बांधावर बूड टेकायचं. पान असो वा नसो. मग न्याहरी. आणि जेवणानंतरचा 'इसावा', त्यात डोळा लागला तरी कुणी काही म्हणायचं नाही. लहानपणी विनीता किटली घेऊन बांधावर बसायची आणि तिला आईची थोडी लाजच वाटायची. इतक्या बायकांत आपलीच आई सगळ्यांच्या आधी कशी दमते?

ऊन चढलं. जांभळीवर एक कावळा येऊन टोपलीवर नजर ठेवून बसला.

अंकिता हळूच विनीताला म्हणाली, "आत्या, शाळेत मधली सुट्टी तरी असते ना?"

"गप गो! हात चालव," साळूकाकी म्हणाली. मग मान वर न करताच, साऱ्या खाचराला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे बोलली, "कमळाबाय भारी दमायची, नाय गो? आज आसती तर आतापरयंत चार येळा दमली आसती!"

बायका खळखळून हसल्या. विनीताला ते टोचलं. आपल्या गेलेल्या आईला असं बोलतात? ती काही बोलणार, तोच तिचं लक्ष गेलं. हसता हसताही सगळ्या वाकलेल्याच होत्या. एकीचाही हात कमरेवर गेला नव्हता. सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या, खालून, तिरक्या नजरेनं.

आणि मग तिला उमगलं. दुसऱ्याच्या शेतात राबणारी 'दमले' कशी म्हणणार? दमायचं ते ज्यांचं शेत त्या घरचीनं, तेही सगळ्यांच्या आधी. आई खरोखर दमली होती की नव्हती, कुणाला ठाऊक.

विनीतानं हातातली मूठ चिखलात रोवली, कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि ओरडली, "टेका गो!"

आवाज जरा फाटलाच. पण खाचरभर पाठी सरळ झाल्या, आणि "आयाऽ गो!" असा एक लांब सुस्कारा निघाला.

"आता टेक्यावर भागायचं नाय," साळूकाकी म्हणाली, "न्यारी कवाच उलटून गेली. आमाला वाटलं, पोरगी दुःखात हाय, कामात जीव रमवते, तर रमवू दे."

"मला वाटलं, तुम्ही दमतच नाही."

"आमी काय यंत्रं हाव व्हय?"

जांभळीखाली भाकऱ्यांचा फडशा पडला. चहा निवला होता, तरी किटली रिकामी झाली. अंकिता पाय पसरून आडवीच झाली. खोडाला टेकून बसल्यावर विनीताच्या ध्यानात आलं, की आई गेल्यापासून ती अशी काही न करता बसलीच नव्हती. डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत.

साळूकाकीनं बोटं चाटली. "उद्या आमच्याकडं लावणी हाय. येशील ना?"

"येणार तर!"

"ये. पण उद्या तुला दमायला मिळायचं नाय. उद्या दमायचं माझ्याकडं."

निम्मं खाचर अजून बाकी होतं. बायका निवांत पडल्या होत्या. 'उठा' म्हणायचंही घरचीकडेच होतं. विनीतानं पाय लांब केले आणि ते म्हणणं जरा लांबवलं.