बोटांची टकटक

नव्या बाईंनी पोस्टमनची टोपी डोक्यावर चढवली, खांद्याला पिशवी अडकवली आणि वर्गाचं दार बाहेरून ठोठावलं. आता त्या बाई नव्हत्या, पोस्टमन होत्या. आतली तीस मुलं म्हणजे एका गल्लीतली माणसं. शिक्षकाने स्वतः नाटकात उतरावं, मुलं आपोआप ओढली जातात, असं प्रशिक्षणाच्या पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तकाला काय जातंय लिहायला! मागच्या बाकावर मोठ्या बाई वही उघडून बसल्या होत्या. एकेकाळी नव्या बाईंच्याच शिक्षिका, आज परीक्षक. त्यांचा शेरा चांगला आला तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा अर्ज खरडणं आलंच.

"पत्त्यावरचं नाव पुसलंय हो. कुणाचं पत्र हे?"

"माझं!"

"हट्, माझं आहे!" अर्धी गल्ली अंगावर आली.

खिडकीपाशी बसलेली मुलगी तेवढी गप्प होती. वर्षभरात नाटकाच्या तासाला तिने तोंडातून ब्र काढला नव्हता. नव्या बाई तिच्यासमोर जाऊन थांबल्या.

"ताई, तुमचं तर नाही ना?"

प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजावं, हेही पुस्तकातलंच. पाच झाले. सात झाले. कुणीतरी फिदीफिदी हसलं. तासाच्या टाचणातलं निम्मं अजून व्हायचं होतं. त्यांनी मागे पाहिलं.

मोठ्या बाईंची बोटं बाकावर टकटक करत होती.

ही टकटक नव्या बाईंना विसरणं शक्यच नव्हतं. लहानपणी तीन-चार वर्षं याच बाईंसमोर त्या अशाच मुक्या उभ्या राहायच्या, आणि बोटं हलायला लागली की वाटायचं, बाई वैतागल्या. पण आता मनातला आठ आणि बोटाचा ठोका एकदमच पडला. नऊही तसाच. दहाही.

बाई वैतागत नव्हत्या. बाई मोजत होत्या.

टाचण गेलं खड्ड्यात, म्हणत नव्या बाई पुन्हा खिडकीकडे वळल्या आणि निवांत उभ्या राहिल्या. तेवीसच्या आकड्याला मुलीने हात पुढे केला.

"आजीचं आहे. तिला वाचता येत नाही. द्या, मी वाचते."

पाकिटात कोरा कागद होता. तो उलगडून ती अडखळत वाचू लागली, "सुखरूप पोहोचलो. काळजी नसावी." वर्गात कुणीच हसलं नाही.

तास संपल्यावर नव्या बाईंनी शेऱ्याचं विचारलंच नाही. टोपी हातात घेऊन त्या मोठ्या बाईंजवळ गेल्या.

"बाई, माझ्या वेळी कितीपर्यंत मोजलं होतंत?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"कुठल्या वर्षी?"