वरचं वाढ रे, मामा!

मंडळी, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात 'वरचं' म्हणजे काय हे ज्याला कळत नसे, तो तिथे कालपरवाच लागला आहे असं खुशाल समजावं. रश्श्याचं पातेलं थोडं निवलं की वर तेलाचा लालभडक तवंग येतो ना, ते वरचं. कँटीनच्या आचाऱ्यांना सगळा कारखाना मामा म्हणे. पळी तळापर्यंत बुडवायची की नुसती वरून फिरवायची, हे मामा माणूस बघून ठरवत. आवडत्याला वरचं, नावडत्याला तळातलं. मामांचं कुणाशी बिनसलंय, हे त्याच्या वाटीवरूनच चारचौघांना कळायचं.

आणि मामांचा सगळ्यात लाडका कोण? कटिंग मशीनवरचा फोरमन. बावीस वर्षांची दोस्ती! जेवणाची घंटा झाली की हा गडी रांगेत पहिला. वाटी पुढे करून ओरडायचा, "मामा, वरचं वाढ रे!"

"तुला नाही तर कुणाला वाढू?" असं म्हणत मामा दोन पळ्या तवंग घालत. सोबत तळलेल्या बटाट्याच्या फोडी, त्यांच्यावर पुन्हा चिमूटभर मीठ.

फोरमनला सात वर्षांपासून बीपी होतं. कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर सांगून सांगून थकल्या. "अहो, तेल-मीठ कमी करा, वजन उतरवा." तो हसायचा. "गोळी घेतो ना, सिस्टर! तिलाही काही काम नको का?" ऐकणारे खो खो हसत. सिस्टर हसत नसत. आपलं सगळ्यांचं हे असंच असतं बघा. गोळी एकदा घशाखाली गेली की तोंडाला मोकळं रान!

एक दिवस फोरमन कँटीनमध्ये आला तोच आरोळी ठोकत. "मामा, बीपी उतरलं! गल्लीतल्या औषधवाल्याकडे मोजलं, एकशेपाच! आणि महिनाभर गोळीला हातही लावलेला नाही."

"आहेस खरा पठ्ठ्या!" मामांनी त्या दिवशी तीन पळ्या वाढल्या.

फोरमनचे दंड वाळत चाललेत, पाय सुजलेत, पोट मात्र टम्म झालंय, हे मामांना दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण त्यांनी काय केलं? त्या पोटावर टिचकी मारली आणि विचारलं, "हे वहिनींच्या हातचं की माझ्या हातचं रे?"

"तुझ्याच हातचं!" फोरमन म्हणाला, आणि दोघंही हसत सुटले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी फोरमनला मशीनपाशीच रक्ताची उलटी झाली. चौघांनी उचलून गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत बातमी आली.

"लिव्हर गेलं म्हणे."

"लिव्हर? म्हणजे चोरून ढोसत होता तर!"

"वाटला नाही हो कधी तसा."

"अशीच माणसं आतल्या गाठीची असतात."

मामांनी पळी आपटली. "जीभ झडेल तुमची! बावीस वर्षं ओळखतो मी त्याला. थेंबाला शिवत नाही तो!" पण खरं सांगायचं तर मामांच्याही मनात शंकेची पाल चुकचुकलीच. लिव्हर काय उगाच जातं?

दुपारचं वाढप आटोपून मामा हॉस्पिटलात गेले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर फोरमनची बायको बसली होती. एका दिवसात वहिनींचं तोंड पार उतरलं होतं. मामा शेजारी टेकले, घुटमळले, आणि शेवटी नको ते बोलून बसले. "वहिनी, रागावू नका. पण खरं सांगा, कधीमधी घेत होता का हो तो?"

वहिनींनी पिशवीतून एक घडी पडून पिवळा झालेला कागद काढला.

"हा चार वर्षांपूर्वीचा रिपोर्ट. लिव्हरवर चरबी आहे, पुढच्या तपासण्या करा, असं लिहिलंय. यांनी तो कपड्यांखाली दडवला. काल रात्री कपाट उपसलं तेव्हा माझ्या हाती लागला. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, का हो लपवलंत? तर म्हणाले, 'लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. लेकीच्या सासरी कळलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं?'" वहिनींनी कागदाची घडी घातली. "मी म्हटलं, निदान तेलकट तरी सोडायचं होतं. तर म्हणाले, 'मामा एवढ्या मायेनं वाढतो, नको म्हटलं तर त्याला लागेल.' आणि भाऊजी, आज तुम्हीच मला हे विचारताय?"

मामांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आत जाऊन दोस्ताला भेटायचंही त्यांना धाडस झालं नाही. ते तसेच मागे फिरले आणि कारखान्याच्या दवाखान्यात सिस्टरांसमोर येऊन मटकन बसले.

"सिस्टर, दारू न पिता लिव्हर कसं जातं?"

"जातं, मामा. पुष्कळांचं जातं." सिस्टरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "रोजचं तेलकट, वरचेवर तळलेलं, अंगाला हालचाल नाही, की वजन वाढतं आणि चरबी लिव्हरमध्ये साठते. वाढलेलं बीपी आणि ही चरबी बहुतेक वेळा जोडीनंच येतात, एकमेकांना आणखी बिघडवतात. वर्षानुवर्षं काही दुखत नाही, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. काहींचं लिव्हर मग आतून कडक होत जातं."

"पण त्याचं बीपी तर उतरलं होतं! गोळीशिवाय!"

"मला कुठे सांगितलं त्यांनी?" सिस्टर कळवळून म्हणाल्या. "लिव्हर फार खराब झालं की काही जणांचं बीपी आपसूक खाली येतं. ते बरं होणं नव्हे हो! माझ्याकडे आले असते तर सुजलेले पाय बघून मी त्याच दिवशी धाडलं असतं हॉस्पिटलात."

"चार वर्षांपूर्वीच रिपोर्ट आला होता, त्यानं तो लपवला. तेव्हाच इलाज केला असता तर?"

"तर वाचण्याची चांगली आशा होती. तेव्हाची चरबी वजन उतरवून, खाणं बदलून कमी होते. आता…" त्या थांबल्या.

"म्हणजे मीच मारलं त्याला," मामा म्हणाले.

"एकट्या तुमच्या पळीनं नाही. त्यांनी रिपोर्ट लपवला, गोळी मनानं सोडली. पण तुमची पळी त्यात आहे, मामा. खोटं कशाला बोलू?"

मामा ओक्साबोक्शी रडले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तेलाचा डबा निम्म्यावर आणला, तळण बंद केलं, मिठाचं भांडं आत ठेवलं. रांगेत कुरकुर झाली. मामांनी कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

नवव्या दिवशी फोरमन गेला.

शोकसभा कँटीनमध्येच झाली, कारण दीडशे माणसं मावतील अशी दुसरी जागाच नव्हती. वहिनी दाराजवळ बसल्या होत्या. मॅनेजरसाहेब म्हणाले, "माणूस गुणी होता. पण काही सवयी माणसाचा घात करतात." मागच्या रांगेत कुणीतरी कुणाला कोपर मारलं. ते वहिनींनी पाहिलं आणि मान खाली घातली.

मामा उठले. त्यांना भाषण कुठलं येतंय! पण आवाज अख्ख्या खोलीत घुमला.

"तो पीत नव्हता! ऐका सगळ्यांनी. तो दारू पीत नव्हता, मी वाढत होतो! तेलाचा तवंग मी त्याच्या वाटीत घातला, बावीस वर्षं, माया म्हणून. त्याला चार वर्षांपूर्वीच कळलं होतं, पण तो बोलला नाही. कुणाला भीत होता? तुम्हाला. मला! आणि मीही त्याच्या बायकोला जाऊन तेच विचारलं जे तुम्ही कुजबुजताय."

मग खोक्यांना खळ लावणाऱ्या विभागातला एक जाडजूड माणूस उभा राहिला, कुणाच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "माझ्याही लिव्हरवर चरबी आहे. आठ महिने झाले. घरी सांगितलं नाही." थोड्या वेळानं पॅकिंगमधल्या एक बाई उठल्या, त्यांचंही तेच. मग आणखी एक जण. दिवसभर चव बघता बघता मामांचंही पोट सुटलं होतं. सभेला आलेल्या सिस्टरांनी त्यांना तिथंच बजावलं, "उद्या सकाळी उपाशीपोटी या, तुमचीही तपासणी करायची आहे." मामांनी मान डोलावली.

सभा संपल्यावर मामा वहिनींसमोर हात जोडून उभे राहिले. वहिनी एवढंच म्हणाल्या, "हे ऐकायला ते हवे होते."

मंडळी, तो आता ऐकणार नाही, आपल्याला मात्र अजून ऐकता येतं. तेव्हा एवढं करा. बीपी मोजत राहा, आणि ते चढो की उतरो, डॉक्टरांना दाखवा, गोळी मनानं सोडू नका. ज्याच्यावर जीव आहे त्याला तेलकट-तुपकटाचा आग्रह करू नका. लिव्हरचा रिपोर्ट हा चारित्र्याचा दाखला नव्हे, तो लपवू नका. आणि कुणाच्या लिव्हरचं दुखणं कानावर आलं, तर त्याची बाटली शोधत बसू नका. त्याच्या घरी जा, त्याच्याजवळ बसा, आणि औषध वेळेवर घेतो का ते विचारा.