मंडईनंतरचा निळा डाग

मी राळ बोलतेय. घाईघाईतच बोलतेय, कारण माझा निळा रंग उडायला लागलाय आणि तो गेला की माझं कोण ऐकणार?

माझं माहेर समुद्रापलीकडच्या बेटांवर. तिथे ग्वायकम नावाचं झाड असतं, लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. ते तापवलं आणि मी वितळून बाहेर आले. मग मला कागदात मुरवलं आणि तो कागद पुठ्ठ्याच्या कार्डात बसवला. काम एकच. शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त असेल, तर औषधाचा थेंब पडताच निळं व्हायचं. लोक नाक मुरडतात. मुरडू देत, मला त्याची लाज नाही.

सिहोऱ्याच्या एका दवाखान्यात कप्प्यात पडून पडून मी कंटाळले होते. मग रंभाबाई आली. धानाच्या बांधावर जरा चाललं तरी तिला धाप लागायची, चेहरा पांढराफटक. डॉक्टरांनी मला तिच्या हाती दिलं आणि बजावलं, "नमुना घेण्याआधी तीन दिवस मटण खायचं नाही. त्यातल्या रक्तानंही हे निळं होतं."

आणि ते दिवस नेमके मंडईचे निघाले! दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली की लेकी-जावई, पाहुणे येतात आणि चुलीवर मटणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढतो. मी फडताळात बसून जीव मुठीत धरला होता. बाई, खाऊ नको गं!

आज ती नमुना घेऊन आली. थेंब पडला आणि मी झर्रकन निळी झाले.

"मटण खाल्लं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

तिचा मुलगा अश्विन हसला. "मंडई होती ना जी! घरी मटनच होतं."

रंभाबाईनं मान खाली घातली. "हो जी. खाल्लं थोडंसं."

"मग याला अर्थ नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा करू." डॉक्टरांनी मला बाजूला सारलं.

माझा जीव नुसता वरखाली. मला रंग एकच. रक्त बोकडाचं की बाईचं, हे मला सांगताच येत नाही!

इतक्यात सून सरिता पुढे आली. "आई, खोटं काहून बोलता? पाहुने उठले तवा गंज रिकामा होता, मीच घासला. तुमी तं चटनीसंग भात खाल्ला."

पाहुण्यांना वाढता वाढता घरच्या बाईला उरलं नाही, ही गोष्ट रंभाबाईला चारचौघांत येऊ द्यायची नव्हती.

अश्विन आईकडे बघतच राहिला. "पन तू तं म्हनाली होती, झालं माझं..."

"दरसाल तसंच म्हना लागते, बापू," ती पुटपुटली.

डॉक्टरांनी मला पुन्हा उचललं, नीट पाहिलं. "उद्याच भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात जा. आतून दुर्बिणीनं तपासायला हवं."

आता मी फिकट पडलेय. थोड्या वेळानं कचऱ्याच्या पिशवीत जाईन. भंडाऱ्याला काय निघेल ते मला कधीच कळणार नाही, ही हुरहूर घेऊनच मी चाललेय. एवढंच मागते, घरातली बाई "झालं माझं" म्हणाली तर तिच्या शब्दावर जाऊ नका. उठा आणि गंजात बघा.