अर्धी ताटं

विहीणबाईंच्या पत्राला चौदा महिने झाले तरी बाइंडरकाकांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र समुद्रापलीकडून, त्यांच्या भाषेत आलेलं. खाली लेकीनं अर्थ लिहून दिला होता. ‘आमच्याकडे तीनदा जेवलात, तिन्ही वेळा ताट अर्धं टाकलंत. माझ्या हातच्या जेवणात काय कमी होतं, ते कळवा. तोवर तुमचा उंबरा मी चढणार नाही.’ त्याखाली लेकीची एक ओळ होती, बाबा, काहीतरी लिहा हो.

काकांनी अकरा कागद लिहून फाडले. लिहिणार तरी काय? जेवण तर असं होतं की बोटं चाटावीत, पण हातात सुरी-काटा. दोन घास पोटात जातात न जातात तोच विहीणबाई हसतमुखानं ताट उचलून न्यायच्या. भाजलेला मासा तर जिभेवर टेकला आणि गेला. काकांना वाटलं, आपलं गबाळं खाणं त्यांना बघवत नसावं. मागायची लाज, म्हणून खोलीत जाऊन ते पिशवीतली बिस्किटं खायचे.

आता पुढच्या महिन्यात लेक-जावई सहा महिन्यांच्या नातीला घेऊन येणार होते. पण विहीणबाई नाही म्हणाल्या, आणि आईला सोडून जावई निघेना. तिकिटं अडली होती. नात अजून फोटोतच.

त्या दिवशी सकाळी वाचनालयाचा गठ्ठा बांधणीला आला. शिवण्याआधी पानं वाचायची काकांची खोड जुनीच. गिऱ्हाइकं त्यावरून टोमणे मारत. एक पुस्तक परदेशी शिष्टाचाराचं निघालं. सुट्या पानावर दोन ताटांची चित्रं होती. एकात सुरी-काटा फाकवून ठेवलेले, खाली लिहिलेलं, ‘अजून जेवतो आहे.’ दुसऱ्यात दोन्ही शेजारी-शेजारी, सरळ. ‘झालं, ताट न्या.’

काकांनी खळीचा ब्रश चहात बुडवला. समोर पाटावर त्यांची कागद कापायची सुरी आणि भोकं पाडायचा टोचा शेजारी-शेजारी, सरळ पडले होते. हत्यार हातातून सुटलं की जोडीनं निजलं पाहिजे, ही उस्तादांची शिकवण चाळीस वर्षं अंगात मुरलेली. आणि काट्याची सवय नसल्यानं विहीणबाईंकडे ते दर दोन घासांनी सुरी-काटा असेच जोडीनं ठेवून हात मोकळा करत होते.

ते पान घेऊन स्वयंपाकघरात धावले. बायकोनं चित्र पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

“म्हणजे तुम्हीच ताट न्या म्हणत होतात, आणि वर उपाशी?”

“तिन्ही वेळा,” काका म्हणाले. आणि हसू लागले.

बायको हसता हसता खालीच बसली. मग डोळे पुसत म्हणाली, “आणि ती बिचारी चौदा महिने आपल्या मिठाला दोष देत बसली असेल.”

हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी तिथेच, ओट्यावर कागद ठेवून लिहायला घेतलं. विहीणबाईंना भाषा कळणार नाही म्हणून आधी चित्रं काढली: पाटावर सुरी आणि टोचा, ताटात तसेच सुरी आणि काटा, शेजारी पोट धरून बसलेला एक टकला माणूस. खाली, लेक अर्थ सांगेल म्हणून, लिहिलं, ‘कमी काहीच नव्हतं, मी अडाणी होतो. तो मासा पुन्हा कराल का? या वेळी ताट घट्ट धरून बसेन. आणि आमच्याकडे याल तेव्हा सांभाळा. इथे ताट कोणी उचलत नाही, पुरे म्हटलं तरी वाढतात. खरंच पुरे असेल तर ताटावर दोन्ही हात आडवे धरा.’

वाचून पाहिलं आणि सवयीप्रमाणे शंका आली. टकला माणूस जरा पोरकट वाटतोय का? एकदा नीट उतरवून काढावं का?

“तुमची नीट प्रत येईपर्यंत नात शाळेत जाईल,” बायको म्हणाली आणि पाकीट पुढे केलं.

काकांनी ते खळीनंच चिकटवलं. एका पायात स्वतःची, एका पायात बायकोची चप्पल घालून ते कोपऱ्यापर्यंत जवळजवळ पळतच गेले. टपालपेटीपाशी पत्ता दोनदा वाचला, तिकीट अंगठ्यानं दाबलं, आणि तिसरी शंका यायच्या आत पाकीट आत सोडलं.